चौदावा टेक

बसमध्ये शेजारच्या बाईने कोटाच्या बाहीला हात लावला तेव्हा ऑब्री थर्लो सुपाचा विचार करत होता. डब्यातलं सूप वाडग्यात ओतलं की भाज्या तळाशी जाऊन बसतात आणि टेलिव्हिजनवर नुसतंच करडं तळं दिसतं. त्यावर उपाय म्हणून वाडग्यात आधी काचेच्या गोट्या टाकायच्या, असं काल ठरलं होतं. गोट्या किती टाकायच्या, एवढाच प्रश्न उरला होता. बाईचा हात अगदी हलका होता, तरी तो दचकला. हल्ली तो कशानेही दचकायचा.

"माफ करा हं. तुम्ही मिस्टर थर्लो ना, सिनेमावाले?"

अडतीस-चाळीसची असेल. हिरवा कोट, मांडीवर पिशवी, नाक थंडीने लाल झालेलं. ओळखीचं हसू त्याने चेहऱ्यावर आणलं. 'सात मैल धुकं' आवडला असं सांगणारी माणसं अजून वर्षातून चार-दोनदा भेटत. मधली सोळा वर्षं, त्यात काढलेले नऊ सिनेमे, त्यांच्याबद्दल कुणी काही बोलत नसे.

"कंडक्टरकडे तिकीट मागितलंत ना, तेव्हा आवाजावरून ओळखलं," ती म्हणाली. "रेडिओवर ऐकलं होतं तुम्हाला, आईने आणि मी, गेल्या महिन्यात. त्या स्वयंपाक्याची गोष्ट सांगितलीत तुम्ही. बटाट्यांची."

त्याने हातातल्या तिकिटाची घडी घातली.

"तो माझा भाऊ. वॉल्टर डाउस. मी आयव्ही." तिने हातमोजा काढून हात पुढे केला. "तुमचे आभार मानायचे होते. आईने ती गोष्ट माझ्याकडून निदान वीस वेळा वदवून घेतली असेल. सगळ्यांना बाहेर घालवून तुम्ही त्याच्याबरोबर बटाटे सोलत बसलात. म्हणते, त्याच्याशी कुणीतरी बरं वागलं शेवटी."

बस कॅम्डन टाउनच्या चढाला लागली होती. त्याने हात हातात घेतला, सोडला. आपण काय बोललो ते त्याला पुढे बऱ्याचदा आठवून पाहावं लागलं. बहुतेक, तो चांगला माणूस होता, असं काहीतरी. मग तिने विचारलं, वॉल्टर त्या सिनेमात का दिसत नाही. अगदी सहज, तक्रार नव्हती त्यात. सिनेमा तिने अकरा वेळा पाहिला होता. पहिल्या दोन-तीन वेळा वाटलं, आपली पापणी लवली तेवढ्यात वॉली येऊन गेला असेल. मग कळलं, तो त्यात नाहीच.

"सरकारी माणसांनी काढायला लावलं," थर्लो म्हणाला. हे उत्तर सोळा वर्षं तयार होतं, त्यामुळे जिभेवर अडलं नाही.

"असेल. लढाईचे दिवस. पण ते काढलेलं कुठे असतं हो? फेकूनच देतात? आईला तीन वर्षांपासून दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. तिला नुसता त्याचा आवाज ऐकायचाय. आमच्याकडे त्याचा आवाज कुठेच नाही."

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. फेकून देतात, वितळवून त्यातली चांदी काढतात, असं सांगायचं होतं. बऱ्याच तुकड्यांच्या बाबतीत ते खरंही होतं. पण ती त्याच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती, की तो म्हणाला, "मी बघतो. माझ्या संकलक बाईंना विचारतो. कदाचित असेल."

"मी केंटिश टाउनच्या पोस्टात असते. खिडकी नंबर दोन." ती उठली, दांडा धरून हेलकावत दाराशी गेली, उतरली आणि फुटपाथवरून तिने हात हलवला. थर्लोचा थांबा कधी गेला ते त्याला कळलं नाही.

त्या दिवशी सूप जमलं नाही. जाहिरात एजन्सीचा माणूस म्हणत राहिला, "वाफ थोडी जास्त, मिस्टर थर्लो, आणि मुलाच्या चेहऱ्यावर जरा समाधान." थर्लो प्रत्येक वेळी शांतपणे "परत घेऊ" म्हणत होता. या शांतपणाबद्दल तो प्रसिद्ध होता. नट नसलेल्या माणसावर कधीही आवाज चढवू नये, हे वाक्य त्याच्या नावावर जमा होतं. सिनेमाच्या वर्गात तरुण मुलं ते वहीत उतरवून घेत. खलाशी, खाणकामगार, टपालवाले, सगळ्यांकडून काम करून घेतलं ते एकदाही न ओरडता. आणि ते खरं होतं. त्रेचाळीसच्या फेब्रुवारीनंतर त्याने कुणावर आवाज चढवला नव्हता. नंतर रंगीत सिनेमात सहा उंटांनी आणि एका नटीने त्याचे तीन आठवडे वाया घालवले, पुढे तो सिनेमा दहा दिवसांत पडला, स्टुडिओने करार मोडला, बायको मार्जरी तिच्या बहिणीकडे एडिंबराला गेली ती परतली नाही. एवढ्या सगळ्यात तो ओरडला नाही. मार्जरी जाताना म्हणाली होती, "एकदा तरी ओरड रे. माणूस घरात आहे असं वाटेल." त्याला ते जमलं नाही.

बटाट्यांची गोष्ट त्याने पहिल्यांदा सांगितली ती सत्तेचाळीस साली, एका जेवणाच्या टेबलावर, दुसऱ्या कुणाच्या गोष्टीला उत्तर म्हणून. तेव्हा ती दोन वाक्यांची होती: स्वयंपाकी कॅमेऱ्यासमोर अडखळत होता. मी त्याच्याबरोबर बटाटे सोलत बसलो. पुढे ती वाढत गेली. आधी बादली आली, मग बोथट सुरी, मग वॉल्टरने हसून "साहेब, तुम्ही निम्मा बटाटा सालीबरोबर फेकताय" म्हणणं. आता थर्लोला ती साल दिसायची, ओल्या लाकडी फळीवर पडलेली, आतून पिवळट. रेडिओवर सांगताना तर थंडीने बधिर झालेली बोटं जाणवली होती. गोष्ट खरी नाही हे त्याला माहीत होतं. पण आपल्याला माहीत आहे, याची आठवण स्वतःला मुद्दाम करून द्यावी लागे. आणि आता एक आंधळी म्हातारी केंटिश टाउनमधल्या खोलीत बसून तीच साल बोटांनी चाचपत होती.

रविवारी तो आगगाडीने शहराबाहेर पिनरला गेला. संकलक एनिड गार्बटने त्याचे चार सिनेमे जोडले होते. आता ती निवृत्त होती, कोंबड्या पाळत होती. तिने त्याला बागेतच उभं ठेवलं आणि दाणे टाकत राहिली.

"रेडिओवर बटाटे छान सोललेस," ती म्हणाली.

त्याने पायाशी आलेल्या कोंबडीला वाट दिली.

"काय हवंय?"

त्याने सांगितलं. बस, आयव्ही, म्हातारी. एनिडने दाण्यांचं भांडं खाली ठेवलं, हात पुसले.

"आहे."

"तुला फेकायला सांगितलं होतं मी."

"म्हणून तर ठेवलं. बाकी सगळं तू हजारदा बघायचास, मग काढायचास. हे एकदाही न बघता फेक म्हणालास. मला ते पटलं नाही." बागेच्या टोकाला पत्र्याची शेड होती. तिने कोपऱ्यातून दोन चपटे गोल डबे काढले, झाकण किंचित उचकटून हुंगलं. आंबूस वास आला. "अजून सडलेलं नाही. पण फार दिवस टिकणार नाही. हे चित्र आणि हा आवाज. सिगारेट लांब ठेव, भडकायला वेळ लागत नाही."

दोन वेगळे डबे. ते पाहताच त्याच्या मनात जे आलं, ते एनिडने त्याच्या तोंडावरून वाचलं असावं.

"माझा आवाज त्यातून काढता येईल?" त्याने विचारलंच.

"बघितलंय मी तेही. तुझा आवाज त्याच्यावर चढलाय, ऑब्री. तुझा कापला की त्याचाही जातो. चौदा टेक आहेत, एकाच वाक्याचे. तुला किती आठवतात?"

"एक," तो म्हणाला. ते खरं होतं. त्याला एकच टेक आठवत होता, पण तो सोळा वर्षं आठवत होता.

परतीच्या गाडीत डबे मांडीवर होते. समोरच्या बाकावर एक माणूस पाइप ओढत होता, आणि थर्लो डब्यांवर रेनकोट पांघरून बसला होता. त्याला त्रेचाळीसच्या फेब्रुवारीतला ग्रिम्सबी बंदराचा धक्का दिसत होता. मासे पकडायचं जुनं ट्रॉलर, युद्धात सुरुंग वेचायला लावलेलं, 'एस्थर' नाव. दुसऱ्या दिवशी उजाडायला ते समुद्रात जाणार होतं. तिथल्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहू शकत होती, आणि त्यात कॅमेरा, दिवे, ध्वनिवाला, आणि तो. त्याआधीची सहा वर्षं त्याने दहा-दहा दिवसांत उरकलेले सिनेमे काढले होते, मुख्य सिनेमाच्या आधी लोक खुर्च्या शोधत असताना दाखवायचे. सरकारी खात्याने हा सिनेमा त्याला दिला तेव्हा बाकीचे उघड हसले होते. हा बिघडला तर परत तिकडेच. आणि समोर सव्वीस वर्षांचा, लालसर केसांचा, मोठ्या हातांचा स्वयंपाकी, ज्याला एकच वाक्य होतं: 'चहा तयार आहे, साखर मात्र परत आल्यावर.' साखर या शब्दावर तो अडायचा. सा, सा, सा. पहिल्यांदा थर्लो हसून म्हणाला, हरकत नाही. चौथ्यांदाही. मग दिव्यांच्या उष्णतेने चरबी वितळून भिंतीवरून ओघळायला लागली, बाहेरचा उजेड जाऊ लागला, आणि थर्लोने त्याची नक्कल केली. सा-सा-सा. "अरे, एका शब्दासाठी लढाई थांबवून धरायची का?" दिवेवाले हसले. वॉल्टरही हसला. ते हसू थर्लोला दिसत राहिलं. अकरा दिवसांनी 'एस्थर' सुरुंगावर आदळून बुडाली. टेलिफोन आला तेव्हा तो एनिडच्या शेजारी बसून धुक्याची दृश्यं निवडत होता. दोन माणसं वाचली होती. स्वयंपाकी त्यात नव्हता.

पोस्टाच्या खिडकी नंबर दोनवर जायला त्याला आठ दिवस लागले. दोनदा तो दारापर्यंत जाऊन परत आला. आवाजाचा डबा खराब झाला असं सांगता येईल. पण म्हातारीला चित्राचा काय उपयोग. काहीच सापडलं नाही, असंही सांगता येईल. तिसऱ्यांदा तो रांगेत उभा राहिला, पुढे दोन माणसं होती, एकाला स्पेनला पार्सल पाठवायचं होतं, आणि तेवढ्या वेळात आयव्हीने त्याला पाहिलं. तिच्या तोंडाकडे बघून त्याला खोटं बोलता आलं नाही. "सापडलं," तो म्हणाला.

वॉर्डर स्ट्रीटवरचं छोटं प्रेक्षागृह त्याने बुधवारी सकाळी अकराला घेतलं. वीस खुर्च्या, मागे प्रोजेक्टरची खोली, आणि मधल्या खुर्चीशेजारी आवाज कमी-जास्त करायचं बटण. मायलेकी वेळेआधीच आल्या. मिसेस डाउस लहानशी होती, काळा कोट, टोपीला पिन, आणि हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"मनुकांचा पाव आहे," तिने ते त्याच्या आवाजाच्या दिशेने पुढे केलं. "आमच्याकडचा. चहात बुडवून करतात मनुका. वॉली माझ्यापेक्षा चांगला करायचा, पण आता मीच आहे."

पाव अजून कोमट होता. जिन्यावर म्हातारी दोन पायऱ्या पुढे गेली, तेव्हा त्याने आयव्हीला थांबवलं.

"मिस डाउस, ऐकण्याआधी एक सांगायला हवं."

"नंतर सांगा ना. तिला दम लागलाय, आधी बसवू या. रात्रभर झोपली नाहीये ती."

आणि ते नंतरवर गेलं. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. म्हातारी मधोमध बसली, तिच्या एका बाजूला आयव्ही, दुसऱ्या बाजूला तो, मांडीवर पाव, उजवा हात बटणाजवळ. दिवे गेले.

वॉल्टर पडद्यावर आला. आयव्हीने श्वास आत घेतला. थर्लोला वाटलं होतं तेवढा तो तरुण नव्हता. की जास्तच तरुण होता. कपाळावर काजळी. टेकचा आकडा लिहिलेल्या पाटीचा ठोका पडला, आणि कोऱ्या, गुळगुळीत आवाजात कुणीतरी म्हणालं, "सावकाश, वॉल्टर. घाई नाही." तो आवाज आपला आहे हे थर्लोला पटायला वेळ लागला. मग वॉल्टर बोलला. "चहा तयार आहे, सा..." म्हातारीचा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला आणि हवेतच राहिला.

दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी तोच चहा, तोच अडलेला शब्द. म्हातारी किंचित पुढे झुकली होती, डोळे मिटून. पाचव्याला कोऱ्या आवाजाची धार बदलली. सहावा. सातव्यात येणार हे थर्लोला आता पाटीच्या ठोक्यावरूनच कळलं, आणि त्याच्या बोटांनी बटण फिरवलं. त्याने ठरवलं नव्हतं. पडद्यावर तोंडं हलत राहिली, शब्द नव्हते.

"आवाज गेला," मिसेस डाउस म्हणाली. "आयव्ही, आवाज गेला. मिस्टर थर्लो?"

तीन सेकंद, चार सेकंद. ती त्याच्याकडे वळली होती, डोळे त्याच्या गळ्यापाशी कुठेतरी.

त्याने बटण उलट फिरवलं.

"...थांबवून धरायची का? सा-सा-सा. नीट बोल ना." मागे हसण्याचा फुटका आवाज, दोन-तीन माणसांचा. मग दिव्यांची घरघर. आणि मग वॉल्टर काहीतरी बोलला जे थर्लोला सोळा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. हळू, न अडखळता.

"घरी नाही होत मला असं, सर. माझ्या आईला विचारा."

"नाही होत," मिसेस डाउस अंधारात म्हणाली. "घरी नाही होत त्याला."

आयव्ही आता पडद्याकडे बघत नव्हती. ती थर्लोकडे बघत होती. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा पांढरा, मग काळा, मग पांढरा होत होता. तो उठायला गेला. मांडीवरचा पाव घसरला, तो त्याने पकडला.

"थांबवायला सांगतो."

"का?" म्हातारी म्हणाली. "किती राहिलेत?"

"सात."

"मग बसा."

तो बसला. आठवा, नववा. त्याचा आवाज वाढत गेला, चिरका झाला. अशा आवाजाचा माणूस घरात असावा असं मार्जरीला कधी वाटलं असेल, असं त्याला वाटेना. बाराव्यात वॉल्टरच्या हातातलं भांडं पडलं. तेराव्यात तो नुसताच उभा राहिला. चौदाव्यात पाटी वाजली, वॉल्टरने किटली उचलली, आणि मान वळवून अगदी सहज, स्वतःच्या ओट्याशी उभा असल्यासारखा म्हणाला, "चहा तयार आहे. साखर मात्र परत आल्यावर."

आणि थर्लोचा आवाज, थकलेला: "हां. झालं. हा घेऊ."

पडदा पांढरा झाला. मागून रिळाचं टोक फडफडायला लागलं, मग थांबलं. दिवे आले.

वॉल्टरला जमलं नव्हतं, असं थर्लो समजत होता. इतकी वर्षं मनाशी तेवढं तरी धरून होता: की माणूस बोलूच शकला नाही, म्हणून ते दृश्य तसंही सिनेमात आलं नसतं. ते आलं असतं. चांगलं होतं. सिनेमातल्या बऱ्याच दृश्यांपेक्षा चांगलं होतं.

"ते सरकारी माणसांचं," आयव्ही म्हणाली. तिचा आवाज पोस्टातला झाला होता. "आणि बटाट्यांचं."

"खोटं आहे. दोन्ही. बटाटे मी सोलले नाहीत. मी जे केलं ते तुम्ही ऐकलंत."

"आईला वीस वेळा सांगितलं मी ते."

"हो."

"आवाजावरून मीही ओळखलं," मिसेस डाउस म्हणाली. "पहिल्या वाक्यालाच. रेडिओवरचाच आहे म्हटलं, जरा कोवळा." ती टोपीची पिन चाचपत होती. "शेवटी बोलला की तो नीट."

"बोलला."

"मग काढलंत कशाला?"

काय सांगावं याची त्याने आधी तयारी केली होती, पण ती दुसऱ्या प्रश्नांची होती. रस्त्यावरून फिल्मच्या डब्यांची हातगाडी खडखडत गेली. ती जाईपर्यंत तो थांबला.

"जहाज गेल्याचं कळलं, त्यानंतर मला त्याच्याकडे बघवेना," तो म्हणाला. "बघितलं की मला मीच ऐकू यायचो. म्हणून काढला."

मिसेस डाउसने टोपीची पिन सोडली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती विचार करत होती, मनाशी वर्षं लावून बघत असल्यासारखी.

"चव्वेचाळीसच्या जानेवारीत ग्रिम्सबीला लागला होता तुमचा सिनेमा," ती म्हणाली. "आयव्ही मला घेऊन गेली होती. तेव्हा मला दिसत होतं, मिस्टर थर्लो."

प्रोजेक्टरच्या खोलीची झडप उघडली आणि आतल्या माणसाने विचारलं, झालं का, की आणखी काही आहे. थर्लोने म्हातारीकडे पाहिलं. तिने आयव्हीचा हात शोधला, धरला.

"तो शेवटचा परत लावायला सांगा," ती म्हणाली. "आणि तुम्ही बाहेर थांबा."

तो उठला. मागच्या माणसाला त्याने सांगितलं, चौदावा, फक्त चौदावा, त्या म्हणतील तितक्या वेळा. मग जिन्यावर येऊन तो पायरीवर बसला. पाव आता गार झाला होता. दाराआडून पाटीचा ठोका आला, मग किटलीचा आवाज, मग वॉल्टर, आणि त्याच्यामागोमाग, दर वेळी, थर्लो स्वतः. हां. झालं. हा घेऊ. खाली रस्त्यावर ऊन पडलं होतं. आत त्या परत लावायला सांगत होत्या.